कंपवात आणि गाडीचे चाक



आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावात गाडी म्हणजे बैलगाडी. गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैल वाटेने नीट घरी यायचे. वाट त्यांना पाठ असायची. पुढे खड्डा आला तर बैल आपणच थबकायचे.

आता काळ बदलला. पुष्कळ घरांपुढे मोटारसायकल उभी असते. शेतात ट्रॅक्टर चालतो. तालुक्याला जायला जीप मिळते. पण या गाड्यांना स्वतःचे डोळे नाहीत, कान नाहीत. चालवणाऱ्याचे डोळे तेच गाडीचे डोळे. चालवणाऱ्याचा पाय तोच गाडीचा लगाम. चालवणारा चुकला, की गाडी चुकली.

मग चालवणाऱ्यालाच हळूहळू वाढत जाणारा आजार जडला तर? त्याने गाडी कधीपर्यंत चालवावी? कधी सोडावी? सोडल्यावर पोटाचे काय? या प्रश्नांचा विचार आपण या धड्यात करू. असे आजार पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतला एक घेतला आहे. त्याचे नाव कंपवात. डॉक्टर त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात.

१. कंपवात म्हणजे काय?

जेम्स पार्किन्सन नावाचे एक डॉक्टर लंडन शहरात होऊन गेले. त्यांनी १८१७ साली या आजाराची नीट माहिती लिहिली. म्हणून आजाराला त्यांचे नाव पडले. पण आजार त्याहून जुना आहे. आपल्याकडचे वैद्य त्याला कंपवात म्हणत आले आहेत. कंप म्हणजे थरथर.

थरथर हाताला दिसते. पण दुखणे हाताचे नाही. दुखणे मेंदूचे आहे. मेंदूच्या आत, खालच्या बाजूला, काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा भाग आहे. या पेशी एक रस तयार करतात. त्याचे नाव डोपामीन. आपण हात उचलायचा, पाऊल टाकायचे, असे मनात आणतो. मेंदूचा तो हुकूम हाता-पायापर्यंत नीट जावा, म्हणून हा रस लागतो. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. रस कमी पडतो. हुकूम उशिरा पोचतो, अडखळत पोचतो.

मोटेने पाणी ओढायचे दिवस आठवा. विहिरीत पाणी असले, तरी पाट फुटला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तसेच हे आहे. मन शाबूत असते. हात-पायही धड असतात. मधला पाट बिघडलेला असतो.

हा आजार बहुतेकांना साठीच्या पुढे-मागे होतो. काहींना पन्नाशीच्या आतही होतो. बायकांपेक्षा पुरुषांत तो थोडा जास्त दिसतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आजारी माणसाच्या ताटात जेवले म्हणून होत नाही. ही करणी नव्हे. अंगात वारे शिरले असेही नव्हे. दारू न पिणाऱ्यालाही तो होतो. म्हणून हात थरथरणाऱ्या माणसाला "पिऊन आलाय" असे कोणी म्हणू नये.

२. खुणा कोणत्या?

या आजाराच्या खुणा एकदम दिसत नाहीत. एक एक करून येतात. त्या अशा:

हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो. काम करायला उचलला की थरथर कमी होते. बहुधा एकाच बाजूने सुरुवात होते.

अंग ताठते. खांदा दुखतो. चालताना एक हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो.

हालचाल मंद होते. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. पाऊल लहान पडते, पाय घासत चालतो. दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात.

आवाज बारीक होतो. चेहऱ्यावर हसू-रडू उमटत नाही. घरच्यांना वाटते, हा रागावला आहे.

वास कळेनासा होतो. चुलीवर भाकरी करपते, तरी जवळ बसलेल्याला समजत नाही. ही खूण तर कधी कधी थरथरीच्या कित्येक वर्षे आधी येते.

आणखी एक खूण आहे. ती लिहिता येणाऱ्यालाच सापडते. अक्षर लहान लहान होत जाते. ओळीच्या सुरुवातीला हरभऱ्याएवढे अक्षर असते. ओळ संपेपर्यंत ते मोहरीएवढे होते. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. तुमच्या जुन्या वह्या टाकून देऊ नका. सहा महिन्यांपूर्वीची सही आणि आजची सही शेजारी ठेवून पाहता येते. नव्याने शिकणाऱ्याचे अक्षर वेडेवाकडे असते, त्याची काळजी नको. पण चांगले बसलेले अक्षर बारीक होऊ लागले, तर डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरा. प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी बिघडली तरी हात कापतो. काही घराण्यांत पिढीजात हात कापतो, तो वेगळा. आणि काही कंपवाताच्या रोग्यांना थरथर मुळीच नसते, नुसती मंदी असते. म्हणून निदान घरी करू नये. ते डॉक्टरांचे काम.

३. औषध आहे का?

आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. जो कोणी "एका महिन्यात बरा करतो" म्हणेल, त्याच्या हाती पैसे देऊ नका.

पण त्रास कमी करणारे चांगले औषध आहे. अर्विद कार्लसन नावाच्या स्वीडन देशातील शास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या दशकात डोपामीनचे मेंदूतील काम दाखवून दिले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधावरून पुढे १९६० नंतरच्या दशकात लेवोडोपा हे औषध रोग्यांना मिळू लागले. आजही ते मुख्य औषध आहे. भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

आपल्या रानात खाजकुइली नावाची वेल असते. तिच्या शेंगेची कूस अंगाला लागली की खाज सुटते. तिच्या बियांत हेच लेवोडोपा असते. आपल्या वैद्यांना या बियांचा गुण जुन्या काळापासून माहीत होता. पण म्हणून बिया कुटून खाऊ नका. कोणत्या बीत औषध किती, हे आपल्याला मोजता येत नाही. वर गोळ्याही चालू असल्या, तर औषध जादा होईल आणि अपाय होईल.

गोळी घड्याळ पाहून घ्यावी लागते. गोळी घेतल्यावर काही तास अंग मोकळे होते. मग अंमल उतरतो आणि अंग पुन्हा जड होते. पुढची गोळी घेतली की पुन्हा मोकळे. वर्षे जातात तसा हा चढ-उतार वाढत जातो. गोळी आपल्या मनाने कधीही एकदम बंद करू नये. त्याने जिवाला धोका होऊ शकतो.

या चढ-उताराचा गाडीशी फार जवळचा संबंध आहे. तो आता पाहू.

४. एका सेकंदाचा हिशेब

गाडी चालवणाऱ्याचे दोन हात आणि दोन पाय कामात असतात. उजवा पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उचलून ब्रेकवर ठेवायचा. डावा पाय क्लचवर. डावा हात गिअरवर. उजवा हात चाकावर. डोळे पुढे, कान मागे, आणि मनाने सगळीकडे लक्ष. निरोगी माणूस हे सगळे एकाच वेळी करतो. कंपवाताच्या माणसाला दोन कामे एका वेळी करणे जड जाते. तो चालता चालता बोलू लागला, तर त्याची चाल मंदावते. मग चालवता चालवता वळण बघणे, गिअर टाकणे आणि पोर आडवे आले तर ब्रेक मारणे त्याला किती जड जाईल?

आता एक गणित करू. पाटी-पेन्सिल घ्या.

गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे. ५४ किलोमीटर म्हणजे ५४,००० मीटर. एका तासाचे सेकंद ३,६००. ५४,००० ला ३,६०० ने भागा. उत्तर आले १५. म्हणजे गाडी एका सेकंदात १५ मीटर जाते. ही लांबी एका एस. टी. गाडीपेक्षा जास्त आहे.

आडवे आलेले वासरू दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चांगल्या माणसाला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी १५ मीटर पुढे गेलेली असते. कंपवाताने पाय मंद झाला आणि दोन सेकंद लागले, तर गाडी ३० मीटर पुढे जाईल. आणि ब्रेक दाबल्यावरही गाडी जागच्या जागी थांबत नाही. ती आणखी घसरत जाते. म्हणजे एका सेकंदाच्या उशिराने वासरू वाचायचे ते वाचत नाही. वासराच्या जागी शाळेतून येणारे पोर असले तर?

मोटारसायकलीवर आणखी एक धोका आहे. तिथे तोल सांभाळावा लागतो. या आजारात तोल जातो आणि सावरायला उशीर होतो. ट्रॅक्टरचेही तसेच. बांधावरून, उतारावरून ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. "रस्त्यावर नाही, आपल्याच शेतात चालवतोय" असे म्हणून धोका टळत नाही.

शिवाय या आजाराच्या काही गोळ्यांनी अचानक झोप येते. ती सांगून येत नाही. अशी झोप एकदा जरी आली, तरी गाडी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

५. सोडायची वेळ कशी ओळखावी?

आजाराचे नाव कळले, की त्याच दिवशी गाडी सोडलीच पाहिजे असे नाही. आजार नवा असेल, औषध लागू पडत असेल, तर डॉक्टर तपासून काही जणांना काही काळ चालवू देतात. पण हा आजार वाढणारा आहे. आज दिलेली परवानगी जन्माची नव्हे. दर सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा तपासून घ्यावे.

या गोष्टी होऊ लागल्या, तर समजावे की वेळ आली:

गाडी उभी करताना भिंतीला, खांबाला घासते.
वळणावर गाडी दुसऱ्याच्या बाजूला जाते.
मागचे लोक भोंगे वाजवतात, कारण आपण फार हळू चालवतो.
ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलेटरवर पाय पडतो.
नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकते.
शेजारी बसणारा माणूस दांडी घट्ट धरून बसतो.
घरची माणसे नातवंडांना आपल्याबरोबर पाठवायला कचरतात.

शेवटच्या दोन खुणा आपल्याला दिसत नाहीत. त्या दुसऱ्याला दिसतात. म्हणून दुसऱ्याला विचारावे.

आणि मघाची चढ-उताराची गोष्ट विसरू नका. आजारी माणूस म्हणतो, "काल तर मी मस्त चालवली." खरे असेल. काल गोळीचा अंमल होता. पण रस्त्यावरचे संकट आपल्या गोळीची वेळ बघून येत नाही. माणसाने आपली परीक्षा आपल्या चांगल्या घटकेवरून करू नये. वाईट घटकेवरून करावी. सर्वांत वाईट घटकेला ब्रेक वेळेवर लागेल का, हा खरा प्रश्न.

६. एक उदाहरण

आता एक गोष्ट सांगतो. ही माणसे आम्ही धड्यासाठी कल्पिली आहेत. पण अशी घरे आहेत.

एका गावात एक गृहस्थ होते. त्यांना आपण तात्या म्हणू. वय छप्पन्न. बावीस वर्षे काळी-पिवळी जीप चालवलेली. घाटातले प्रत्येक वळण पाठ. अडल्या बाईला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारे हेच. साऱ्या पंचक्रोशीत त्यांना मान.

तात्यांचा डावा हात ताठू लागला. गिअर वेळेवर पडेना. तात्या म्हणाले, "गिअरबॉक्स जाम झालाय." मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला. त्यात काही दोष नव्हता. मग पुलाच्या कठड्याला जीप घासली. तात्या म्हणाले, "कठडाच पुढं बांधलाय."

रोजच्या खेपांचा हिशेब तात्या वहीत लिहीत. एका रात्री त्यांची बायको वही घेऊन बसली. ती साक्षरतेच्या वर्गात जात होती. तिने गेल्या दिवाळीचे पान काढले आणि आजचे पान काढले.

ती म्हणाली, "अहो, हे बघा. दिवाळीला तुमचं अक्षर मला चष्म्याशिवाय वाचता येत होतं. आता चष्मा लावूनबी येईना. आपण जिल्ह्याला जाऊ. एकदा दाखवून येऊ."

"मला काय धाड भरलीय?" तात्या म्हणाले. पण वही डोळ्यांपुढे होती. ते गेले.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. म्हणाले, "आजपासून गाडीत प्रवासी घ्यायचे नाहीत. रात्री चालवायची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

तात्या घरी येऊन गप्प बसले. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जीपचा हप्ता कोण भरणार? लोक म्हणतील, तात्या संपला."

थोरला मुलगा तापट. तो म्हणाला, "किल्लीच लपवून ठेवतो."

आईने त्याला दटावले. "चोरासारखी किल्ली लपवायची न्हाई. त्यांनी बावीस वर्षं घर चालवलंय. त्यांच्याशी बोलून ठरवायचं."

मग घरातली सगळी बसली. पुतण्याला बोलावले. त्याच्याकडे गाडीचे लायसन होते, काम नव्हते. हिशेब मांडला. डिझेल किती, हप्ता किती, पुतण्याला रोज किती द्यायचा, घरी किती उरते. पूर्वीपेक्षा कमी उरत होते, पण उरत होते. हप्ता भागत होता. ठरले. जीप पुतण्याने चालवायची. तात्यांनी महिनाभर शेजारी बसायचे. कुठल्या वळणावर पावसात खडी येते, कुठल्या गावाला कोण म्हातारी रोज थांबते, हे सगळे पुतण्याला सांगायचे. वही तात्यांकडेच राहील.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी गाडी पूर्ण बंद करायला सांगितली. तात्यांनी मोटारसायकलही विकली.

तात्या लगेच सुखी झाले असे समजू नका. स्टँडवर जीप निघून जायची आणि ते मागे उभे राहायचे, तेव्हा त्यांना फार वाईट वाटे. चिडचिड होई. बायकोवर ओरडत. ते साहजिक आहे. पाय मोडला तर लोक धीर द्यायला येतात. गाडी सुटली तर कोणी येत नाही. पण तेही एक दुःखच आहे. त्याला वेळ द्यावा लागतो.

या गोष्टीत तात्यांच्या घरी एक सोय होती. पुतण्या होता. प्रत्येक घरी असा पुतण्या नसतो. मग काय करावे? पुढे वाचा.

७. कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्यातील कलम १६ सांगते की, आजारामुळे माणूस गाडी चालवायला अयोग्य झाला आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर परवाना देणारा अधिकारी परवाना रद्द करू शकतो किंवा डॉक्टरांचा दाखला मागू शकतो. कलम १८६ सांगते की, आपल्या आजाराने दुसऱ्याला धोका होईल हे माहीत असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. त्याला दंड आहे. "लायसनची मुदत अजून बाकी आहे" ही सबब चालत नाही. लायसन कागदावर असते. ब्रेक पायाने मारावा लागतो.

ज्यांची नोकरी चालकाची आहे, त्यांच्यासाठी दुसरा एक कायदा फार महत्त्वाचा आहे. तो दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, २०१६ सालचा. त्या कायद्यातील आजारांच्या यादीत कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचे, नाव आहे. त्याच्या कलम २० मध्ये असे म्हटले आहे: सरकारी खात्यात किंवा सरकारी महामंडळात नोकरी करताना माणूस दिव्यांग झाला, तर त्याला कामावरून काढता येत नाही. त्याचा हुद्दाही उतरवता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच पगारावर दुसरे काम द्यायचे. दुसरी जागा रिकामी नसेल, तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत त्याच्यासाठी जादा जागा धरायची.

हे पुष्कळ चालकांना ठाऊक नसते. नोकरी जाईल या भीतीने ते आजार लपवतात. लपवून बस चालवतात. मागे पन्नास माणसे बसलेली असतात. कायदा माहीत असेल, तर लपवायची गरज उरत नाही. साहेबांकडे लेखी अर्ज करावा. डॉक्टरांचा दाखला जोडावा. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवावी.

खाजगी मालकाकडे किंवा स्वतःच्या गाडीवर राबणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. त्याने दिव्यांगत्वाचा दाखला काढून घ्यावा. त्यासाठी सरकारी रुग्णालयात तपासणी होते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरले, तर पुष्कळ सवलतींना माणूस पात्र होतो. दाखला आणि ओळखपत्र यांचा अर्ज संगणकावरून भरतात. गावातील सेवा केंद्रात किंवा शिकलेल्या मुलाकडून तो भरून घ्यावा. गाडी स्वतःची असेल, तर ती पडून गंजू देऊ नये. चांगला चालक ठेवावा, नाहीतर गाडी वेळीच विकून कर्ज फेडावे. अपघात झाल्यावर गाडीची किंमत राहत नाही आणि माणसाचीही भरपाई होत नाही.

८. घरच्यांनी काय करावे?

चारचौघांत अपमान करू नये. "तुला आता जमत नाही" असे पारावर म्हणू नये. घरात, शांतपणे, सकाळच्या गोळीनंतर अंग मोकळे असताना बोलावे.

नुसते "गाडी सोडा" म्हणू नये. बाजाराला कसे जायचे, दवाखान्यात कोण नेणार, दळण कोण आणणार, हे आधी ठरवावे. मग बोलावे. माणूस गाडीला धरून बसतो, तो नुसत्या हौसेने नव्हे. दुसऱ्यापुढे हात पसरावा लागेल, ही भीती असते. ती भीती आधी घालवावी.

शक्य असेल तर पायरी पायरीने सोडावी. आधी रात्रीची. मग घाटाची. मग माणसे बसवून चालवणे. मग सगळीच. पण डॉक्टर "आजच सोडा" म्हणाले, तर आजच सोडावी. तिथे पायरी नाही.

एस. टी. आपली आहे. पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून ती खेड्यापाड्यांत फिरते आहे. ऑगस्ट २०२२ पासून राज्यातल्या ७५ वर्षांवरील माणसांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. तातडीच्या दुखण्याला १०८ हा आकडा फिरवला, की दवाखान्याची गाडी येते. या सोयी घरात सगळ्यांना माहीत असाव्यात.

९. गाडी सुटली, पुढे काय?

गाडी सुटली म्हणून माणूस खाटेवर पडला, तर आजार जास्त जोर करतो. या आजाराला व्यायाम फार मानवतो. रोज चालावे. पाऊल मोठे टाकावे. मोठ्याने वाचावे, म्हणजे आवाज टिकतो. रोज पानभर मोठ्या अक्षरात लिहावे, म्हणजे हात वळता राहतो. रेघा आखलेली वही घ्यावी. भजनात टाळ धरावा. तालावर हात-पाय हलवायला सोपे जाते.

एकट्याने कुढू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे हा आजार असलेली माणसे आणि त्यांची घरची मंडळी एकमेकांना भेटतात, अनुभव सांगतात. आपल्या तालुक्यातही दोन-चार घरे मिळून असे करता येईल.

मुहम्मद अली हे अमेरिकेचे जगप्रसिद्ध मुष्टियोद्धे. त्यांना १९८४ साली हाच आजार असल्याचे कळले. १९९६ साली अटलांटा शहरात ऑलिंपिकचे सामने भरले. तिथली ज्योत त्यांनी पेटवली. त्यांचा हात थरथरत होता. साऱ्या जगाने ते पाहिले. त्यांनी हात लपवला नाही.

आपण शेतकरी माणसे. बैल थकला की आपण त्याला जुवाखालून काढतो. त्याला मारून-मुटकून औताला जुंपत नाही. आणि दावणीवरूनही काढत नाही. पोळ्याला, बेंदराला त्याच्याही शिंगांना रंग लावतो, त्यालाही पुरणपोळीचा घास देतो. मुक्या जनावराला आपण हा न्याय देतो. मग आपल्या माणसाला का देऊ नये? आणि माणसाने स्वतःला तरी का देऊ नये?

ध्यानात ठेवा

कंपवात हळूहळू वाढतो. तो लागट नाही.
निदान आणि औषध डॉक्टरांकडून. गोळी वेळेवर घ्यावी, मनाने बंद करू नये.
चांगल्या घटकेवरून नव्हे, वाईट घटकेवरून आपली परीक्षा करावी.
सरकारी नोकरीतील चालकाने आजार लपवू नये. २०१६ च्या कायद्याचा आधार घ्यावा.
किल्ली हिसकावू नये. बोलून, सोय लावून मग मागावी.

प्रश्न

१. कंपवातात हात थरथरतो, मग दुखणे मेंदूचे का म्हणायचे?
२. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाते? वरच्यासारखे गणित करा.
३. तात्यांच्या बायकोला आजाराची खूण कशात सापडली?
४. तात्यांच्या मुलाने किल्ली लपवली असती, तर काय झाले असते? वर्गात चर्चा करा.
५. तुमच्या घरात कोणी गाडी चालवायची सोडली, तर कोणकोणती कामे अडतील? ती यादी लिहा. प्रत्येक कामापुढे ते कोण करील त्याचे नाव लिहा.